उपाशी कोण राहते – गाठ की रुग्ण?

घरात मोठे दुखणे शिरले की सल्ल्यांना तोटा राहत नाही. त्यातून ते दुखणे कर्करोगाचे असेल, तर पहिली कुऱ्हाड स्वयंपाकघरावर कोसळते. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, केळे तर समोरही नको! पूर्वी याला 'पथ्य' म्हणत. आता त्याला शास्त्रीय नाव मिळाले आहे. 'ग्लायसेमिक इंडेक्स कमी असलेलेच पदार्थ द्या, म्हणजे गाठ उपाशी मरेल,' असे भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो. सांगणाऱ्याची कळकळ खरी असते, पण सल्ला तपासून घ्यायला हवा.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या अनेक रुग्णांना बार्शी किंवा थेट मुंबई गाठावी लागे. आता उपचार जवळ आले आहेत. पण रुग्ण घरी परतल्यावर त्याच्या ताटात काय वाढायचे, हा प्रश्न घरच्या बाईमाणसापुढेच उभा राहतो.

मुळात हा इंडेक्स आहे तरी काय? कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. ती मांडली मधुमेहींसाठी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत रक्तातली साखर किती वाढते, ते ग्लुकोजशी ताडून पाहायचे. ग्लुकोजला १०० गुण. ५५ पर्यंतचा पदार्थ कमी इंडेक्सचा, ७० व त्यापुढचा जास्त इंडेक्सचा. सालीसकट कडधान्ये खालच्या रांगेत बसतात, मैद्याचा पाव वरच्या.

मात्र हा आकडा फसवाही आहे. कलिंगडाचा इंडेक्स सत्तरच्या पुढे मोजला गेला आहे. पण कलिंगड म्हणजे बहुतांशी पाणीच. वाटीभर फोडींत पिष्टमय भाग जेमतेम सहा ग्रॅम असतो, त्यामुळे रक्तातल्या साखरेवर त्याचा भार थोडाच पडतो. शिवाय आपण नुसता भात कधी खातो? भातावर वरण आले, तूप आले, बाजूला भाजी आली की साखर चढण्याचा वेग मंदावतो.

आता गाठीकडे वळू. कर्करोगाच्या पेशी भरपूर ग्लुकोज वापरतात, हे खरेच आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात ते दाखवले. पेट स्कॅनची तपासणीही याच गुणावर चालते. पण म्हणून साखर तोडली की गाठ मरते, असे होत नाही. आपण अन्न बंद केले तरी शरीर रक्तातली साखर ठरावीक पातळीखाली जाऊ देत नाही. यकृत ती तयार करते आणि त्यासाठी स्नायूंतली प्रथिने मोडते. म्हणजे गाठीला खाद्य मिळतच राहते, झिजतो तो माणूस.

हीच खरी धोक्याची जागा आहे. उपचार सुरू असताना वजन झपाट्याने उतरले तर केमोथेरपी सोसत नाही, जंतुसंसर्ग गाठतो, उपचार पुढे ढकलावे लागतात. सहा महिन्यांत आपसूक पाच टक्क्यांहून जास्त वजन घटले, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलोंहून अधिक, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. अशा रुग्णाला साधारणपणे दिवसाला किलोमागे २५ ते ३० उष्मांक आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या रुग्णाला पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, यावरून हिशेब करावा.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग फार. किरणोपचारांनी तोंड सोलवटलेल्या माणसापुढे 'इंडेक्स कमी' म्हणून ज्वारीची भाकरी, काकडी आणि मोडाची मटकी ठेवणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच! त्याला मऊ भात-वरण, मुगाची पातळ खिचडी, दुधातले नाचणीचे सत्त्व, मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, पूर्ण शिजलेले अंडे असेच काही गिळता येते. त्यात चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घातले की तेवढ्याच घासात बळ वाढते. चमचाभर साखरेने दूध पोटात जात असेल, तर जाऊ द्यावे.

आणखी एक युक्ती सांगितली जाते. भात शिजवून गार करून ठेवायचा, म्हणजे त्याचा इंडेक्स उतरतो. निरोगी माणसाच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण केमोथेरपीने ज्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, त्याला उघड्यावर ठेवलेला शिळा भात महागात पडेल. त्याच्यासाठी ताजे, गरम अन्नच बरे.

मग या इंडेक्सचा उपयोग कोणाला? ज्या रुग्णाला मधुमेहही आहे, त्याला नक्कीच. केमोथेरपीबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे साखर चढते. तेव्हा जेवण तोडण्याऐवजी थोडे थोडे, अनेकदा द्यावे आणि औषधाचा डोस डॉक्टरांना ठरवू द्यावा. उपचार संपून वजन सावरले, तोंडाला चव आली, की भाकरी, उसळ, पालेभाजी यांच्याकडे जरूर परतावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या हजारावर रुग्णांची एक अमेरिकन पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. साखरेचा भार वाढवणाऱ्या आहाराचा रोग उलटण्याशी संबंध तीत दिसला, तोही मुख्यतः स्थूल रुग्णांत. हाडे वर आलेल्या माणसाला ती लावून चालणार नाही.

म्हणून घरात तक्ता लावायचाच असेल, तर इंडेक्सचा नको, वजनाचा लावा. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन घ्या. कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. आणि भेटायला येणाऱ्यांना एवढेच सांगा, की सल्ला असू द्या, येताना घरचा गरम डबा आणा.