यंत्रमानव स्पर्धा : नियमांची चौकट आणि खिलाडूवृत्तीची कसोटी

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धेतील प्रत्यक्ष सामना अवघ्या दोन-तीन मिनिटांचा असतो. त्यामागील तयारी मात्र अनेक महिन्यांची असते. मैदानावर काय घडले ते पंचांना आणि प्रेक्षकांना दिसते. कार्यशाळेत काय घडले, यंत्र कोणी बांधले, आज्ञावली कोणी लिहिली, हे मात्र कोणालाच दिसत नाही. या स्पर्धांच्या नियमांविषयी निर्माण होणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

आशियातील अशा स्पर्धांचा उगम जपानमध्ये झाला. टोकियो तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या कल्पनेतून प्रेरणा घेऊन एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी रोबोकॉन स्पर्धा सुरू केली. पुढे आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने, अर्थात एबीयूने, २००२ मध्ये टोकियो येथे तिचे आंतरराष्ट्रीय रूप साकारले. तेव्हापासून दरवर्षी वेगळा देश यजमानपद स्वीकारतो आणि आपल्या संस्कृतीशी निगडित विषय स्पर्धेला देतो. भारतात दूरदर्शनच्या यजमानपदाखाली ही स्पर्धा २००८ आणि २०१४ मध्ये पुणे येथे, तर २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. २००८ चा विषय दहीहंडीवर आधारित 'गोविंदा' हा होता. २०१४ मध्ये पालक आणि बालक अशा दोन यंत्रमानवांनी बागेतील खेळ खेळायचे होते, तर २०२२ चा विषय लगोरी हा होता.

लगोरीचा उल्लेख येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. अंगणात रंगणाऱ्या या खेळाला पंच नसतो. चेंडू लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच प्रामाणिकपणे सांगायचे असते आणि तसे न सांगणाऱ्याला पुढच्या डावात सहसा कोणी घेत नाही. तोच खेळ यंत्रमानवांच्या मैदानावर आला, तेव्हा त्याच्यासोबत नियमपुस्तिका, पंच आणि घड्याळही आले.

मोजता येणारे नियम

रोबोकॉनची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने तयार होते. तथापि तिचा सांगाडा बराचसा कायम राहतो. यंत्रांचे एकत्रित वजन, त्यांचा आकार, विद्युतदाब, दाबाखालील हवेची मर्यादा या सर्व बाबी आकड्यांत निश्चित केलेल्या असतात. अलीकडच्या अनेक वर्षांत वजनाची मर्यादा ५० किलो, विद्युतदाबाची २४ व्होल्ट आणि हवेच्या दाबाची सुमारे ६ बार अशी राहिली आहे. सामन्यापूर्वी यंत्रांची तपासणी होते. मांडणीसाठी १ मिनिट मिळते आणि सामना बहुतेक वर्षी ३ मिनिटांचा असतो. संकेत मिळण्यापूर्वीच यंत्र हलले, तर तो चुकीचा प्रारंभ मानला जातो. एकाच सामन्यात असे दोनदा घडल्यास संघ बाद होतो.

यांपैकी बरेचसे नियम प्रथमतः सुरक्षिततेसाठी आहेत. त्यांचा दुसरा हेतू मात्र समान संधी हा आहे. वजनाला आणि आकाराला मर्यादा नसती, तर ज्या संस्थेकडे अधिक पैसा तिचे यंत्र अधिक बलवान, असा सरळ हिशेब झाला असता. मर्यादा घातल्याने पैशापेक्षा कल्पकतेला महत्त्व येते.

याच पुस्तिकेत आकड्यांत न बसणारे एक कलमही असते. खिलाडूवृत्तीला धरून नसलेले कोणतेही कृत्य करणारा संघ बाद ठरू शकतो, असे ते कलम सांगते. पुस्तिकेत ज्या कृतीचा उल्लेखच नाही, तिच्या वैधतेचा निर्णय पंचांवर सोपवलेला असतो. नियम कितीही काटेकोर केले तरी ते सर्व शक्यता व्यापू शकत नाहीत, याची ही स्पष्ट कबुली होय.

पळवाट आणि पेच

पुस्तिकेत जे निषिद्ध नाही ते सर्व रास्त मानावे काय, हा प्रश्न २०१० मध्ये अमेरिकेतील 'फर्स्ट' या संस्थेच्या स्पर्धेत ठळकपणे पुढे आला. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था १९९२ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानव स्पर्धा घेत आहे. तिच्या मुख्य स्पर्धेत तीन-तीन संघांचे दोन गट परस्परांविरुद्ध खेळतात. प्राथमिक फेरीत हे गट प्रत्येक सामन्यात बदलतात. त्यामुळे आजचा प्रतिस्पर्धी उद्याचा सहकारी असू शकतो.

२०१० च्या 'ब्रेकअवे' या खेळात यंत्रमानवांनी फुटबॉल गोलात ढकलायचे होते. त्या वर्षीची क्रमवारी जय-पराजयांवर नव्हे, तर विशेष गुणांवर ठरत असे. विजयी गटाला स्वतःच्या गुणांखेरीज पराभूत गटाच्या गुणांच्या दुप्पट अधिक गुण मिळत आणि पराभूत गटाला विजयी गटाइतके गुण मिळत. प्रतिस्पर्ध्याला पूर्णपणे नामोहरम करण्याऐवजी चुरशीचा सामना खेळण्यातच विजेत्याचे हित असावे, असा या रचनेमागील उद्देश होता.

तथापि काही संघांनी वेगळे गणित मांडले. समजा, सामना ६ विरुद्ध ४ असा संपणार आहे. अशा वेळी विजेत्याला ६ आणि ८ मिळून १४ गुण मिळतील, तर पराभूत गटाला केवळ ६. परंतु हरण्याची चिन्हे दिसणाऱ्या गटाने आपले चारही गोल प्रतिस्पर्ध्याच्याच खात्यात जमा केले, तर निकाल १० विरुद्ध ० असा लागेल आणि दोन्ही गटांना प्रत्येकी १० गुण मिळतील. म्हणजे दुबळ्या गटाचे गुण ६ वरून १० वर गेले आणि बलवान गटाचे १४ वरून १० वर आले. सहाही यंत्रे एकाच बाजूने गोल करू लागली, तर तो सामना उरतच नाही.

या डावपेचात एकाही नियमाचा भंग होत नव्हता. म्हणूनच त्यावर तीव्र मतभेद झाले. दिलेल्या नियमांचा अभ्यास करून सर्वांत लाभदायक मार्ग शोधणे हेच अभियंत्याचे काम आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. पाहण्यास आलेल्या प्रेक्षकांची आणि मनापासून खेळणाऱ्या संघांची ही वंचना आहे, असे दुसरी बाजू म्हणत होती. अखेर हंगाम सुरू असतानाच आयोजकांनी विजयी गटाला ५ अधिक गुण देण्याची दुरुस्ती केली. पळवाट शोधणाऱ्या संघांना शिक्षा झाली नाही. नियम सुधारण्यात आला.

दोन वर्षांनी त्याच संस्थेने सहकार्याची कल्पना अधिक नेमकेपणाने मांडली. २०१२ च्या खेळात मैदानाच्या मध्यभागी एक झुलता पूल होता. दोन्ही गटांच्या एकेका यंत्राने त्यावर चढून तोल साधल्यास दोन्ही गटांना क्रमवारीसाठी प्रत्येकी २ गुण मिळत. सामना जिंकल्याबद्दलही २ गुणच होते. सहकार्य आणि चुरस या दोहोंना येथे स्वतंत्र स्थान होते. एकासाठी दुसरीचा बळी देण्याची आवश्यकता नव्हती. सद्हेतू पुरेसा नसतो, त्याला गुणांच्या रचनेचीही जोड लागते, हा धडा या दोन उदाहरणांतून मिळतो.

समानतेसाठी केलेला नियम

कधी कधी समानतेसाठी केलेला नियमच विषमता वाढवतो. 'फर्स्ट'च्या याच स्पर्धेत अनेक वर्षे यंत्रबांधणीसाठी सुमारे सहा आठवड्यांचीच मुदत असे. ती संपताच संघाने आपले यंत्र पिशवीत बंद करून त्यावर क्रमांकित पट्टी लावायची आणि त्याची नोंद स्वतःच ठेवायची, असा नियम होता. पिशवी उघडली की नाही, हे पाहण्यासाठी तेथे पहारेकरी नसे. सारा कारभार विश्वासावर चाले.

नियमाचा हेतू सर्वांना सारखाच वेळ मिळावा हा होता. प्रत्यक्षात साधनसंपन्न संघ सरावासाठी तसेच दुसरे यंत्र बांधत आणि मुदतीनंतरही त्यावर काम करत राहत. ज्यांना एकच यंत्र जेमतेम परवडत असे, त्यांचे काम मात्र पिशवीबरोबरच थांबत असे. अखेर २०२० च्या हंगामापासून हा नियम रद्द करण्यात आला. कागदावर समान दिसणारे बंधन प्रत्यक्षात कोणावर अधिक भार टाकते, याचा विचार नियम करताना आवश्यक असतो, हे यातून दिसून येते.

यंत्र कोणाचे?

या सर्वांहून अवघड प्रश्न कर्तृत्वाचा आहे. विद्यार्थ्यांनी बांधावयाचे यंत्र शिक्षकांनी, पालकांनी किंवा शुल्क घेणाऱ्या प्रशिक्षण वर्गाने बांधून दिले, तर वजनकाटा आणि मोजपट्टी ते पकडू शकत नाहीत. जागतिक रोबोट ऑलिंपियाड या २००४ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेने त्यावर एक उपाय योजला. अनेक वर्षे तेथे सुटे भाग घेऊन यायचे आणि कोणतीही लिखित सूचना न पाहता, मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत यंत्र जुळवायचे, अशी पद्धत होती. स्पर्धेच्या दिवशीच एक नवा नियम जाहीर होतो आणि त्यानुसार विद्यार्थ्यांना तेथल्या तेथे बदल करावे लागतात. ज्याने आज्ञावली स्वतः लिहिली आहे, त्यालाच ती अल्पावधीत बदलता येते.

रोबोकप ज्युनिअर स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या जातात. यंत्राचा एखादा भाग असाच का ठेवला, याचे उत्तर त्यांना स्वतः द्यावे लागते. या दोन्ही पद्धती नियमभंग शोधण्यापेक्षा ज्ञान तपासण्यावर भर देतात, ही त्यांची विशेषता होय.

येथे मार्गदर्शन आणि परावलंबन यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अनुभवी व्यक्तीकडून शिकणे यात काहीही गैर नाही. किंबहुना या स्पर्धांचा तोच हेतू आहे. मात्र चूक दाखवून देणे वेगळे आणि ती स्वतःच दुरुस्त करून देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पदक मिळू शकते, पण विद्यार्थी ज्यासाठी आला होता ते शिकणे राहून जाते. ज्या संघाने स्वतः रात्री जागवून साधेच यंत्र बांधले, त्याच्यावर तर उघड अन्याय होतो.

प्रतिस्पर्ध्याला मदत

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या संदर्भात सौजन्यपूर्ण व्यावसायिकता ही कल्पना रूढ केली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. जिद्दीने स्पर्धा करावी, परंतु त्या ओघात दुसऱ्याचा सन्मान सोडू नये, असा तिचा आशय आहे. 'फर्स्ट'च्या स्पर्धेत सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची बॅटरी किंवा मोटार निकामी झाल्यास आपल्याकडील सुटा भाग त्याला देणे हा शिष्टाचार मानला जातो. यामागे उदारतेबरोबर एक व्यावहारिक विचारही आहे. बंद पडलेल्या यंत्रावर मिळवलेल्या विजयातून आपल्या यंत्राची खरी योग्यता कळत नाही.

नियमांविषयीच्या शंकाही याच दृष्टीने हाताळल्या जातात. एखाद्या संघाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आयोजक सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. त्यामुळे नियमाचा अर्थ कोणा एकाची मिरासदारी होत नाही. संदिग्ध नियमाचा लाभ गुपचूप उठवण्याऐवजी आधी विचारणा करणे अधिक श्रेयस्कर. उत्तर प्रतिकूल आल्यास बेत बदलण्यास वेळ मिळतो आणि अनुकूल आल्यास मैदानावर वादाला जागा राहत नाही.

आंतरराष्ट्रीय रोबोकॉनमध्ये प्रत्येक देशाचा एकच संघ उतरतो. यजमान देशाला तेवढे दोन संघ उतरवता येतात. त्यामुळे भारतात राष्ट्रीय फेरी जिंकणाऱ्या महाविद्यालयाच्या खांद्यावर देशाचे प्रतिनिधित्व येते आणि निकालावरील वाद तितकाच तीव्र होण्याचा संभव असतो. पंचांचा निर्णय एखाद्या वेळी चुकूही शकतो. तो अंतिम मानण्याचा नियम मात्र सर्वांनी आधीच स्वीकारलेला असतो.

या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या रुग्णालयातील उपकरणे, रेल्वेची संकेतप्रणाली किंवा पुलांचे आराखडे तयार करतील. त्या कामांनाही मानके असतात आणि तेथेही प्रत्येक जोडणीपाशी निरीक्षक उभा नसतो. मानकात लिहिले नव्हते, एवढ्याच आधारावर धोकादायक त्रुटी तशीच ठेवायची की ती दूर करायची, याचा निर्णय अभियंत्यालाच करावा लागतो. विद्यार्थिदशेत पिशवीची पट्टी न तोडता ठेवणारा, आपली आज्ञावली स्वतः लिहिणारा आणि प्रतिस्पर्ध्याला बॅटरी देणारा संघ हाच निर्णय घेण्याचा सराव करत असतो.