कोटेशन वापीचं, पासिंग इथलं

बोईसरमध्ये कुणी गाडी घ्यायची म्हटली की चौघं तरी सांगतात, "वापीला जा, स्वस्त पडते." भाचा तारापूर एमआयडीसीत नोकरीला. त्याच्या पहिल्या गाडीसाठी त्याच्यासोबत मीही फिरलो. आधी इथलं कोटेशन घेतलं, मग डहाणू, उंबरगाव मागे टाकत मेमूने गुजरातेतलं वापी गाठलं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक्स-शोरूम किमतीत फारसा फरक नव्हता. तफावत होती रोड टॅक्सच्या ओळीत. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के, गुजरातेत 6. आठ लाखांच्या गाडीवर हे सरळ चाळीस हजार झाले. भाच्याचे डोळे चमकले.

पण टॅक्स शोरूमच्या पाटीवर नाही, मालकाच्या पत्त्यावर ठरतो. आधार कार्डावर बोईसर असेल तर पासिंग महाराष्ट्राचंच आणि टॅक्सही इथलाच. नातेवाइकाच्या पत्त्यावर गुजरातचा नंबर घेतला, तरी बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवली की नोंदणी बदलून घ्यावी लागते. मग एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, तिकडचा परतावा मागा. शिवाय राज्यातला डीलर पासिंगचे कागद स्वतः करतो; परराज्यातला टेम्पररी नंबर लावून गाडी हातात देतो, पुढे आरटीओ आणि आपण.

टॅक्सची ओळ खोडल्यावर उरली ती खरी घासाघीस. 'हँडलिंग चार्जेस' हा काही सरकारी कर नव्हे. विचारल्यावर तो गळाला. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचा दर दाखवला तसा शोरूमचा दरही उतरला. वापीच्या कोटेशनचा उपयोग झाला तो इथे, बोईसरच्या टेबलावर.

भाच्याने इथली गाडी घेतली, त्याचं कारण मात्र शोरूमच्या यार्डात सापडलं. बिल फाटायच्या आधी आम्ही ड्युटी सुटल्यावर, पण उजेड असतानाच तिथे गेलो. चेसिस नंबरात उत्पादनाचा महिना आणि वर्ष दडलेलं असतं; ते वाचायची रीत कंपनीगणिक वेगळी, म्हणून सेल्समनकडूनच फोड करून घेतली. मग भाचा गुडघ्यावर बसून टायर वाचू लागला. शेवटचे चार आकडे 1825, म्हणजे 2025 सालातला 18वा आठवडा. चारही टायर जुळले, स्टेपनीही पाहिली. मागच्या दाराच्या कडेला रंगाचा टवका होता. त्याने बोट ठेवलं आणि दुसरी गाडी मागितली. नंबर पडायचा होता, म्हणून ती मिळाली.

नंबर पडल्यावर हाच टवका आपला होतो. लांबच्या शोरूमला माणूस बहुधा जातो तो एकदाच, पैसे भरून, पेढे घेऊन. तेव्हा दार कोण बघतो? दहा-पंधरा हजारांची सूट तिकडे खरोखर मिळत असेल तर जरूर जावं. फक्त बिलाआधी एक फेरी यार्डाची करायची तयारी ठेवावी. ती जमणार नसेल, तर गावातलं शोरूम थोडं महाग पडलं तरी परवडतं.