बसमधून बाहेर पडण्याचा सराव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या शाळांमध्ये स्कूलबसमधून तातडीने बाहेर पडण्याचा सराव मुलांकडून करून घेतात. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं तो वर्षातून किमान दोनदा घ्यायला सांगतात. बंधनकारक नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला तीन सराव सक्तीचे आहेत. तरीही या सरावाबद्दल काही समज घट्ट रुतून बसले आहेत.

गैरसमज : संकटकालीन दार असलं की झालं.
वस्तुस्थिती : १४ मे १९८८ रोजी केंटकीतल्या कॅरल्टनजवळ उलट दिशेने आलेली पिकअप गाडी एका बसवर आदळली. पिकअपचा चालक दारू प्यायलेला होता. बस पूर्वी शाळेची होती, अपघाताच्या वेळी एका चर्चकडे होती. इंधनाची टाकी फुटून पुढे आग लागली, पुढचं दार अडकलं. मागचं दार होतं. पण तिथे जाणारी वाट अरुंद, आणि साठाहून अधिक जणांची तिकडे एकच झुंबड उडाली. २७ जण गेले. धूर आणि आगीने त्यांचा जीव घेतला.

गैरसमज : काहीही झालं तरी आधी बसमधून उतरायचं.
वस्तुस्थिती : किरकोळ बिघाडात मुलं रस्त्यावर उभी राहण्यापेक्षा बसमध्येच सुरक्षित असतात. आग किंवा धूर, बस रेल्वे रुळांवर अडकणं, पाणी शिरणं, दुसरं वाहन आदळण्याचा धोका, अशा वेळी मात्र क्षणाचाही विलंब नको.

गैरसमज : मागच्या दारातून उडी मारायची.
वस्तुस्थिती : उडी मारली की पाय मुरगळतो आणि मागच्यांची वाट अडते. दोन मोठी मुलं आधी उतरून दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात. बाकीच्यांनी दप्तर तिथेच सोडायचं, दाराच्या कडेवर बसायचं, त्यांचा हात धरून खाली सरकायचं आणि बसपासून लांब एकत्र थांबायचं.

गैरसमज : ड्रायव्हर सगळं बघून घेईल.
वस्तुस्थिती : जखमी किंवा बेशुद्ध होणारा पहिला माणूस तोच असू शकतो. म्हणून दाराचा खटका कसा उघडतो, खिडकी कशी ढकलायची, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी कुठे असते, हे मुलांनाच ठाऊक हवं.

गैरसमज : पायी शाळेत येणाऱ्यांना याची गरज नाही.
वस्तुस्थिती : सहलीला तीही बसनेच जातात. न्यूयॉर्कच्या नियमात त्यांनाही सराव किंवा त्याऐवजी वर्गात त्याचं शिक्षण द्यावं लागतं. मुलांची ने-आण चालू असताना, बस मार्गावर असताना मात्र सराव घ्यायला तिथे मनाई आहे.

आपल्याकडे एसटीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी लहानपणापासून वाचलेली असते. तो खटका हाताने उघडून पाहिलेलं मूल क्वचितच सापडेल. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. पालकांनो, समितीच्या पुढच्या बैठकीत हा सराव मागून घ्या. शाळेच्या मैदानात उभी बस आणि एक तास, एवढंच त्यासाठी लागतं.