नवे नाक, नवा कान आणि रक्ताची वाट

माझ्या भाचीची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या उजव्या बाजूला कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ होती. भाचीने एकदा मला फोनवर छायाचित्र पाठवले : बिनकेसांचा उंदीर आणि त्याच्या पाठीवर माणसाचा कान. खाली एकच ओळ. ‘मामा, हे खरं असेल तर आपण कशासाठी थांबलोय?’ मी डॉक्टर नव्हे. पण आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

छायाचित्र खरे आहे. लोक त्यावरून जो अर्थ काढतात तो चुकीचा. अमेरिकेत व्हाकांटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम १९९७ साली प्रसिद्ध केले. त्या कानात माणसाची एकही पेशी नव्हती. गुरांच्या कूर्चेतल्या पेशी त्यांनी शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांच्या, कानाच्या आकाराच्या साच्यावर पेरल्या आणि तो साचा उंदराच्या कातडीखाली ठेवला. साचा विरघळत गेला, कूर्चा वाढली. त्या कानाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

कूर्चाच का? कानाचा वरचा भाग दुमडून सोडला की तो पुन्हा ताठ होतो, ती ही कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तिच्या पेशी गुजराण करतात. इतर बहुतेक ऊतींतली पेशी रक्ताच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा दूर पडली की उपाशी मरते. नाक-कान-घसा या क्षेत्रात ऊती-अभियांत्रिकी कुठे तरली आणि कुठे बुडाली, हे बरेचसे या एका गोष्टीवरून कळते.

रक्ताचे हे गणित पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्याला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक आणि एक हात १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत कापले गेले. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग या कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले, तो पत्रा कपाळावर पसरून भोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमधली कातडीची पट्टी मात्र त्याने कापली नाही. तीच रक्ताची वाट. नवे नाक जागेवर धरेपर्यंत, सुमारे पंचवीस दिवस, ती तशीच ठेवत. हा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तिथे हीच शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. शस्त्रक्रिया होताना दोन इंग्रज डॉक्टर हजर होते, त्यांची नावे आहेत.

स्वित्झर्लंडमधील बाझलच्या डॉक्टरांनी २०१४ साली पाच वृद्ध रुग्णांचा अहवाल दिला. त्वचेच्या कर्करोगामुळे त्यांच्या नाकपुडीचा भाग काढावा लागला होता. त्यांच्याच नाकाच्या पडद्यातून चिमूटभर कूर्चा घेऊन, चार आठवड्यांत प्रयोगशाळेत तिचा चाळीसपट मोठा तुकडा वाढवला आणि बसवला. त्यावर पांघरूण कशाचे? कपाळाच्या किंवा गालाच्या कातडीचे, तिची रक्ताची वाट शाबूत ठेवून. कूर्चा नवी, युक्ती पुण्याची.

श्वासनलिकेचे प्रकरण वेगळे. तिलाही कूर्चेची कडी असतात, पण आतले अस्तर जिवंत हवे. त्यावरचे सूक्ष्म केस रात्रंदिवस कफ वर लोटत असतात, आणि त्या अस्तराला रक्त लागते. २०११ साली स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी यांनी एका कर्करोगग्रस्त विद्यार्थ्याच्या छातीत प्लॅस्टिकची नळी बसवली. तिच्यावर त्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी जेमतेम दीड दिवस वाढवल्या होत्या. या पेशींचे श्वासनलिकेत रूपांतर होईल, असे सांगितले गेले. रक्ताची वाट कुठेच नव्हती. जगभर कौतुक झाले. तो विद्यार्थी २०१४ साली गेला. स्टॉकहोममध्ये अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण आज हयात नाहीत. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. मला शिक्षेपेक्षा ते कौतुक अधिक अस्वस्थ करते. कूर्चेवर जमलेली गोष्ट नळीवरही जमेल, असे धरून चालणाऱ्यांत शिकलीसवरलेली माणसे होती.

मग भाचीला काय सांगायचे? शांघायच्या डॉक्टरांनी २०१८ साली अशाच पाच मुलांचा अहवाल दिला. चांगल्या कानाची आरशातली प्रतिमा त्रिमितीय छपाईने घडवून, त्या साच्यावर मुलांच्याच अविकसित कानातल्या पेशी वाढवल्या. पहिल्या मुलीवर अडीच वर्षे लक्ष ठेवले होते, आकार टिकला. पण अडीच वर्षे म्हणजे मुलीचे आयुष्य नव्हे, आणि पाच मुले म्हणजे पाचच. बरगडीतील कूर्चा कोरून कान करण्याची पद्धत जुनी आहे, कष्टाची आहे, छातीवर वण ठेवणारी आहे. पण तिच्यामागे कित्येक दशकांचा अनुभव आहे. मी तिच्याकडे बोट दाखवले. भाची रुसली, आठवडाभर फोन नव्हता.

आणि ऐकण्याचे? नवा कान कोणत्याही पद्धतीने केला तरी तो दिसण्यापुरता. पोरीचे कानाचे छिद्र बंद आहे, अंतःकर्ण मात्र चांगला आहे. म्हणून कवटीच्या हाडातून आवाज पोहोचवणारा पट्टा ती डोक्याला लावते. ती आता सहा वर्षांची आहे. बरगडीची कूर्चा पुरेशी वाढेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षे थांबा, असे डॉक्टर म्हणतात. फटाके सुरू झाले की ती पट्टा काढून आजीच्या मांडीवर ठेवते आणि भुईचक्र संपले की परत मागते.