बर्फाच्या देशात उष्णतेचा जमाखर्च

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच रंगाऱ्यांचा व्यवसाय आहे. रंगवलेले कापड वाळत घालणारा माणूस तीन गोष्टी पाहतो : ऊन किती आहे, वारा वाहतो आहे का आणि हवा कोरडी आहे की दमट. चैत्र-वैशाखात पंचे तासाभरात खडखडीत वाळतात, आषाढात दोन दिवस ओलेच राहतात. वाळणाऱ्या कापडाला हात लावला तर ते गार लागते. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता कापडातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते, म्हणून ते गार होते. शाळेत आपण यालाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतो.

हेच कापड अंटार्क्टिकात वाळत घातले तर? विद्यार्थी बहुधा म्हणतील, ‘गोठून जाईल.’ गोठेल हे खरे. पण कोरडा वारा असेल तर गोठलेले कापडही हळूहळू वाळते. बर्फाची वाफ थेट होऊ शकते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. त्याला एका किलोग्रॅममागे सुमारे २८ लाख जूल उष्णता लागते, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनापेक्षाही अधिक. तेव्हा ध्रुवप्रदेशात थंडीमुळे उष्णतेची देवघेव थांबते असे नाही. ती सतत चालू असते आणि तिचा हिशोब ठेवणे हे तिथल्या शास्त्रज्ञांचे एक मोठे काम आहे.

या कामाशी आपला संबंध जवळचा आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहून निघाली. आज या मोहिमांची व्यवस्था पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन संस्था गोव्यातच, वास्को येथे आहे. ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर उभारले होते. ते पुढे हिमाखाली गाडले गेले. १९८९ मध्ये उभे राहिलेले ‘मैत्री’ हे ठाणे मात्र शिर्माकर नावाच्या खडकाळ पट्ट्यावर आहे. त्याच्याशेजारी एक तळे आहे, प्रियदर्शिनी. मैत्रीला पाणी याच तळ्यातून मिळते. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पौष-माघाच्या सुमारास, तळ्यावरचा बर्फ वितळतो आणि पाणी उघडे पडते. मग या तळ्यातून किती पाणी हवेत उडून जाते? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर फार उशिरा मिळाले.

अडचण अशी की उष्णता मोजण्याचे थेट यंत्र नाही. तापमापक तापमान सांगतो, किती उष्णता आली आणि किती गेली हे सांगत नाही. म्हणून वाण्याच्या वहीसारखा जमाखर्च मांडावा लागतो. जमेला सूर्यप्रकाश आणि आकाशातून, विशेषतः ढगांतून, येणारे अवरक्त प्रारण. खर्चाला परावर्तित झालेला प्रकाश, पृष्ठभागाने स्वतः बाहेर टाकलेले प्रारण आणि वाफेबरोबर गेलेली उष्णता. वाऱ्याने आणलेली किंवा नेलेली उष्णता आणि खालच्या पाण्यातून किंवा बर्फातून येणारी-जाणारी उष्णता कधी जमेला पडते, कधी खर्चाला. ताजे हिम पडलेल्या प्रकाशाच्या ८० ते ९० टक्के परत पाठवते, उघडे पाणी जेमतेम १० टक्के. त्यामुळे बर्फ वितळून पाणी दिसू लागले की जमेची बाजू एकदम फुगते.

प्रारण मोजायला काचेच्या घुमटाखाली काळी चकती असलेली उपकरणे असतात. एक तोंड वर करून ठेवायचे, एक खाली करून. घुमटावर दव गोठले की आकडे बिघडतात, म्हणून ते पुसायला कडाक्याच्या थंडीतही माणूस जावा लागतो.

सगळ्यात अवघड बाब वाफेची. इथे वापरली जाणारी युक्ती आम्हाला फार आवडते. आठवडी बाजाराच्या वेशीवर उभे राहून बाजारातून किती ज्वारी बाहेर गेली ते काढायचे आहे असे समजा. बाजारातले ढीग मोजायची गरज नाही. वेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाटीत काय आहे आणि आत येणाऱ्याच्या पाटीत काय आहे एवढे टिपत राहिले की पुरे. पाण्यावरून वाहणारा वारा सरळ जात नाही. त्यात लहानमोठे भोवरे असतात. हवेची एक झुळूक वर जाते, दुसरी खाली येते. वर जाणारीत वाफ जास्त आणि खाली येणारीत कमी असेल, तर पाणी उडून चालले आहे.

त्यासाठी झुळकीचा उभा वेग आणि तिच्यातली वाफ दोन्ही सेकंदाला दहा-वीस वेळा मोजावी लागतात. पात्यांचा साधा वेगमापक इतका चपळ नसतो. म्हणून ध्वनीची मदत घेतात. समोरासमोरच्या दोन टोकांमध्ये ध्वनिलहर धाडायची. वाऱ्याच्या दिशेने ती लवकर पोचते, विरुद्ध दिशेने उशिरा. या फरकावरून वाऱ्याचा वेग कळतो आणि ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असल्याने हवेचे तापमानही कळते. वाफ किती हे अवरक्त किरण किती शोषले गेले त्यावरून समजते.

२०१८ च्या १ जानेवारी ते ७ फेब्रुवारी या काळात प्रियदर्शिनी तळ्यावर या पद्धतीने मोजणी झाली. दिवसाला सरासरी ३ मिलिमीटर, म्हणजे ३८ दिवसांत ११४ मिलिमीटर पाणी उडाले होते. आपल्याकडे वैशाखात उघड्या भांड्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या घरात पाणी उडते. त्या मानाने शून्याच्या आसपासच्या तापमानाला ३ मिलिमीटर हा आकडा लहान नव्हे. उष्णतेत मांडू. एका चौरस मीटरवर ३ मिलिमीटर म्हणजे ३ किलोग्रॅम पाणी. शून्य अंशाजवळ प्रत्येक किलोग्रॅमला सुमारे २५ लाख जूल, एकूण ७५ लाख. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की चौरस मीटरमागे ८७ वॉट येतात.

तापमान, वारा आणि आर्द्रता घालून उत्तर देणारी नेहमीची सूत्रेही ताडून पाहिली, तर ती बाष्पीभवन बरेच कमी दाखवत होती. ही सूत्रे बहुतेक वेगळ्या हवामानाच्या प्रदेशांतल्या अनुभवावरून बसवलेली असतात. शिर्माकरवर तर दक्षिणेकडच्या अफाट हिमचादरीवरून घसरत येणारा कोरडा वारा वाहतो. ऊन, वारा आणि कोरडेपणा. रंगाऱ्याची तिन्ही कारणे तिथे हजर आहेत. ठाण्याला पाणी पुरवणाऱ्या तळ्याचा ताळेबंद नुसत्या सूत्रावर सोडला तर तो चुकणार.

समुद्रावरच्या बर्फाचा हिशोब याहून नाजूक. प्रारणाच्या नियमामुळे ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे त्या स्टेफान यांनी १८९१ मध्ये ध्रुवीय मोहिमांच्या नोंदींवरून दाखवले, की थंडी तेवढीच राहिली तर बर्फाची जाडी दुप्पट व्हायला चौपट काळ लागतो. बर्फ स्वतःच पाण्याची उष्णता अडवतो. त्यावर पडलेले भुसभुशीत हिम तर घोंगडीच. बर्फाच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकीच उष्णता ते वाहून नेते. हिवाळ्यात या बर्फाला भेग पडली, की उणे १.८ अंशाचे पाणी उणे ३० अंशाच्या हवेला भिडते आणि त्यातून चौरस मीटरमागे काहीशे वॉट निघून जातात.

आता एक गणित वर्गात जरूर करून घ्यावे. या जमाखर्चात वर्षभर फक्त १ वॉट शिल्लक राहिला तर? वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख, म्हणजे तेवढेच जूल. एक किलोग्रॅम बर्फ वितळायला ३ लाख ३४ हजार जूल लागतात. उत्तर येते ९४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा थर! जमेच्या आणि खर्चाच्या रकमा शेकडो वॉटांच्या, चांगल्या उपकरणातही काही वॉटांची चूक आणि बर्फ राहणार की जाणार हे ठरते एकदोन वॉटांवर. म्हणूनच १९९७-९८ मध्ये एक कॅनेडियन जहाज उत्तर ध्रुवसमुद्रात मुद्दाम गोठवून ठेवून वर्षभर मोजणी केली गेली आणि २०१९-२० मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजानेही तेच केले. पाण्याच्या बाजूचा हिशोब ठेवण्यासाठी भारताने २०१४ मध्ये स्वालबार्डच्या एका खाडीत ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी सोडली. ती पाण्याचे तापमान आणि क्षारता नोंदवते.

शाळेत ध्वनी-वेगमापक नसला तरी तराजू असतो. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब ट्रे पाण्याने भरून तोलावा, उन्हावाऱ्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोलावा. पक्षी पाणी पिऊ नयेत म्हणून वर जाळी घालावी. वजन १२० ग्रॅमने घटले तर १ मिलिमीटर पाणी उडाले. शेजारी एक साधा तापमापक आणि एक ओले फडके गुंडाळलेला तापमापक टांगून त्यांच्यातला फरकही लिहून ठेवावा. मार्गशीर्षात आठवडाभर, मग वैशाखात आठवडाभर नोंदी घ्याव्यात आणि मैत्रीच्या ३ मिलिमीटरशी जुळणारा दिवस देवगावात कोणत्या महिन्यात येतो ते शोधावे.