छाती चोळताना

सर्दी-खोकला झाला की बहुतेक घरांत आधी बामची डबी उघडते. छातीला, पाठीला चोळून झालं की उरलेलं बोट नाकाखाली फिरतं आणि 'आता नाक सुटलं' असा निर्वाळा मिळतो. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात रोनाल्ड एकल्स यांनी नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली. मेन्थॉल हुंगल्यावर लोकांना श्वास मोकळा वाटत होता. नाकातला अडथळा मात्र होता तेवढाच होता. मेन्थॉल गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं आणि मेंदू त्यालाच हवेची झुळूक समजतो.

मोठ्यांना एवढी फसगत चालून जाते. तान्ह्यांना नाही. अमेरिकेत दीड वर्षाच्या एका मुलीला नाकाखाली बाम लावल्यावर जोराची धाप लागली. त्यानंतर वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या ब्रूस रुबिन यांनी फेरेट या प्राण्यांवर प्रयोग केले आणि २००९ साली निष्कर्ष छापले: बाममुळे श्वासनलिकेतला स्राव वाढत होता आणि तिथल्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावत होती. बाळाची श्वासनलिका मुळातच अरुंद, थोड्या स्रावानेही तुंबणारी. दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, ही सूचना अशा डबीवरच असते, वाचतं कोण?

बामचं हे पाप मालिशीच्या माथी मारायला नको. चोळल्याने श्वासनलिका रुंदावत नाहीत, फुफ्फुसाची सूजही उतरत नाही. पण श्वासासाठी राबणारे स्नायू हाताखाली येतात. निरोगी माणसाचा बसल्या जागचा श्वास मुख्यतः श्वासपटलावर चालतो. दमा किंवा सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार असला (चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या कित्येक बायकांना तो विडीला हात न लावताही जडतो) की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू मदतीला धावतात. दिवसभर हे ओझं वाहणं त्यांचं काम नव्हे. मान आखडते, खांदे वर चढतात, पाठ ठणकते. तिथे हलक्या हाताची मालीश खरोखर आराम देते.

मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी १९९८ साली दम्याच्या ३२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना आईवडिलांनी महिनाभर रोज झोपताना २० मिनिटं मालीश केली, इतरांकडून अंग सैल सोडण्याचे व्यायाम करून घेतले. मालीश झालेल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांची चिंता कमी झाली, फुंकरीचा जोरही वाढला. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांत फरक बराच कमी दिसला. इतक्या छोट्या अभ्यासावरून मालीश हा दम्याचा उपचार ठरत नाही. पंप चालूच ठेवायचा.

करायची कशी, हेही पाहावं लागतं. धाप लागणाऱ्याला पालथं पाडून मालीश करणं हा निव्वळ अडाणीपणा. त्याला खुर्चीत बसवावं, पुढे उशीवर टेकू द्यावं. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांची त्वचा पातळ आणि हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, तिथे जोर लावला तर बरगडी मोडायची. उग्र वासाचं तेल आणि खोलीतली उदबत्तीही दमा उठवू शकते. कफ सुटावा म्हणून छाती ठोकणं ही मालीश नव्हे; ब्रॉन्किएक्टॅसिससारख्या, श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साठणाऱ्या आजारात ते काम फिजिओथेरपिस्टचं.

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेलाचे थेंब सोडतात. तेल घशाला टोचत नाही, त्यामुळे खोकल्याची उबळ न येताच ते फुफ्फुसात उतरू शकतं. अशा तेलाच्या न्यूमोनियाची नोंद वैद्यकाने १९२५ सालीच केली आहे. मालीशवाल्या मावशींचा हात कितीही सराईत असो, हे बंद करायला सांगावंच.

ताप, न्यूमोनिया किंवा उपचार सुरू न झालेला क्षय असेल तर मालीश नको. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर ती मुळीच चोळू नये. शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकू शकते. दमेकऱ्याने मालिशीला बसताना पंप हाताशी ठेवावा. ओठ निळसर पडले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर तेलाची वाटी बाजूला सारून थेट रुग्णालय गाठावं.