मोठी गाडी घेताय? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा. डिझेल की पेट्रोल, आणि वर्षाला किती धान लागेल याचा हिशेब

भंडारा : दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई असो, शंकरपट असो की लग्नाचा मांडव, अलीकडे बाजूला एखादी पांढरी फॉर्च्युनर उभी दिसतेच. पोरं तिच्यासोबत फोटो काढतात, मोठी माणसं टायरला हात लावून पाहतात. मग पानटपरीवर चर्चा रंगते. "केवढ्याला घेतली?" हा पहिला प्रश्न. "डिझेल आहे की पेट्रोल?" हा दुसरा. "महिन्याला चालते किती?" हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी अशा एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के लागत होते. आता सरसकट ४० टक्के लागतात. नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचा भावही नरम होतो. त्यामुळे जमिनीचा मोबदला हातात आलेले, ठेकेदारीत असलेले किंवा धानासोबत जोडधंदा करणारे अनेक जण सध्या अशा गाडीचा विचार करत आहेत. गाडी घेणं वाईट नाही. पण घ्यायचा भाव एकदाच द्यावा लागतो, चालवायचा भाव दर महिन्याला.

डिझेल आणि पेट्रोलमध्ये फरक काय?

उदाहरण फॉर्च्युनरचंच घेऊ, कारण आपल्याकडे मोठी गाडी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. भारतात ती २००९ मध्ये आली, दुसरी पिढी २०१६ च्या शेवटी आली. या दुसऱ्या पिढीत पेट्रोल इंजिन २६९४ सीसीचं आणि डिझेल २७५५ सीसीचं आहे. आकार जवळपास सारखा, पण ओढीत फार फरक. पेट्रोलचा टॉर्क २४५ न्यूटन मीटर, तर २०२१ नंतरच्या डिझेल ऑटोमॅटिकचा ५००, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते.

पेट्रोल गाडी आवाजाला शांत, यंत्रणा साधी आणि घेताना स्वस्त. डिझेल गाडी ओढीला दमदार, लिटरमागे जास्त चालणारी, पण घेताना महाग. कारची किंमत २० लाखांच्या वर असेल आणि ती व्यक्तीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात पेट्रोलवर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के रोड टॅक्स लागतो. हा दोन टक्क्यांचा फरक शोरूममध्ये कुणी उठून सांगत नाही.

हिशेब मांडून पाहू

हिशेबापुरती पेट्रोल गाडी ३५ लाखांची आणि डिझेल साडेसदतीस लाखांची धरू. रोड टॅक्स पेट्रोलला ४ लाख ५५ हजार, डिझेलला ५ लाख ६२ हजार ५००. म्हणजे डिझेलसाठी सुरुवातीलाच ३ लाख ५७ हजार ५०० रुपये जास्त गेले.

आता इंधन. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. गावरस्ता आणि महामार्ग मिळून पेट्रोल गाडी लिटरला ८ किलोमीटर आणि डिझेल ११ किलोमीटर देईल असं समजू. आपल्या पंपाचा भाव आणि आपल्या गाडीचं ॲव्हरेज टाकून प्रत्येकाने हा हिशेब पुन्हा करावा.

महिन्याला १५०० किलोमीटर चालवली तर पेट्रोलचा खर्च सुमारे १९ हजार ७०० रुपये, डिझेलचा सुमारे १२ हजार ५५० रुपये. वर्षाला वाचतात साधारण ८५ हजार ७००. म्हणजे डिझेलसाठी दिलेले जास्तीचे पैसे चार वर्षांपेक्षा थोड्या जास्त काळात वसूल होतात.

महिन्याला ५०० किलोमीटरच चालवली तर पेट्रोलला सुमारे ६ हजार ५६० आणि डिझेलला ४ हजार १८० रुपये लागतील. वर्षाला वाचणार साधारण २८ हजार ६००. आता तेच पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षं लागतात. तोवर गाडी म्हातारी झालेली असते.

म्हणून डिझेल चांगलं की पेट्रोल, याला एकच एक उत्तर नाही. ज्याचं आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरला जाणं-येणं आहे, त्याला डिझेल परवडते. ज्याची गाडी घर, शेत, तालुक्याचा बाजार आणि लग्नसराईपुरती निघते, त्याला डिझेलचा फायदा मिळत नाही. उलट त्रास होऊ शकतो. तो कसा, ते पुढे.

जवळच्या फेऱ्या आणि डीपीएफ

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल कार आणि एसयूव्हीच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची गाळणी असते. इंजिनातून निघणारी काजळी ती अडवते. काजळी साचली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. पण त्यासाठी गाळणी खूप तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी एका लयीत चालावी लागते.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर हे काम आपोआप होतं. पण घरून निघाली, तीन किलोमीटरवर राइस मिलमध्ये थांबली, तिथून दोन किलोमीटरवर सोसायटीत गेली आणि परत आली, असं रोज होत राहिलं तर काजळी जळतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावरही तसंच चालवत राहिलं तर गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी वर्कशॉप गाठावं लागतं. गाळणी बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या भाषेत बोलतं.

उपाय सोपा आहे. डिझेल गाडी असेल तर आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा तास सलग चालवा. दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करू नका, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे करा.

काही डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपलं की गाडी पुन्हा सुरू होत नाही. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, हे ऐकून कुणी शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकू नये. द्रावणाचा युरिया आणि पाणी दोन्ही अतिशुद्ध असतात. खताच्या युरियाने ती सगळी यंत्रणा बसून जाते.

तशीच गोष्ट डिझेलची. ट्रॅक्टरसाठी घरी ड्रममध्ये किंवा कॅनमध्ये भरून ठेवलेलं डिझेल या गाडीत ओतू नका. नव्या डिझेल इंजिनाचे इंजेक्टर फार बारीक छिद्रांचे असतात. पाण्याचा थेंब किंवा कचरा त्यांना चालत नाही. जुना ट्रॅक्टर जे पचवतो ते ही गाडी पचवत नाही.

पेट्रोलवाल्यांनी काय पाहावं?

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल उसापासून बनतं, मक्यापासून बनतं आणि अन्न महामंडळाच्या तांदळापासूनही बनतं. म्हणजे धान उत्पादकाशी त्याचं नातं आहेच. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं.

एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी घेत असाल तर ती ई-२० साठी बनलेली आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन विचारा. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील तपासून घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. म्हणून पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल तर मधूनमधून चालवत राहा.

डिझेल नको आणि पेट्रोलचा खर्चही झेपत नाही, अशांसाठी तिसरा पर्याय स्ट्राँग हायब्रिडचा आहे. इनोव्हा हायक्रॉससारख्या गाडीत पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असते. शहरात आणि कमी वेगात ती चांगलं ॲव्हरेज देते, डीपीएफची कटकट नाही. पण ती फॉर्च्युनरसारखी दणकट लोखंडी चौकटीवरची गाडी नाही. बांधीत उतरवायची, चिखलातून काढायची असेल तर तिचं काम नाही.

भरवसा कोणत्या गाडीचा?

फॉर्च्युनरचा भाव टिकून राहतो तो तिच्या साधेपणामुळे. ट्रकसारखी वेगळी चौकट, साधे कॉइल स्प्रिंग, सुटे भाग मिळतात, हात बसलेले मेकॅनिकही मिळतात. याउलट जर्मन आणि ब्रिटिश बनावटीच्या आलिशान गाड्या जुन्या बाजारात नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी भावात दिसतात आणि मोह होतो. त्यातल्या काहींना हवेवर चालणारं सस्पेन्शन असतं, जागोजागी सेन्सर आणि संगणक असतात. एक सेन्सर गेला तरी गाडी नागपूरला न्यावी लागते, तीही कधी टो करून. गाडी निम्म्या भावात मिळाली तरी तिचा सुटा भाग निम्म्या भावात मिळत नाही. तो नव्या गाडीच्याच भावाने घ्यावा लागतो.

अर्थात नाव मोठं म्हणून दोष निघणारच नाही, असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांच्या डीपीएफ यंत्रणेत दोष असल्याचा निकाल तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. गाड्या अडीच लाखांहून जास्त होत्या. म्हणून कंपनी कोणतीही असो, त्याच गाडीची सर्व्हिस हिस्ट्री पाहणं महत्त्वाचं.

जुनी गाडी घेताना

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश २०१५ पासून सुरू झाले. त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर जातात. अशी गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो आणि एमएच-३६ चा नंबर घ्यावा लागतो. हा खर्च धरला तर 'स्वस्त' गाडी किती स्वस्त राहते ते पाहा.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून विमा, फिटनेस आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, आरटीओत नोंद व्हावी लागते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीशी तो जुळवून पाहा. सीटखालच्या पट्ट्या, गालिचाखालचा पत्रा आणि फ्यूज बॉक्समध्ये गाळ किंवा गंज दिसला तर गाडी पुरातली समजा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न कधीच करू नका. इंजिनात पाणी असेल तर आतला रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

शेवटी धानाच्या मापात

समजा एखाद्या शेतकऱ्याने १८ लाखांची जुनी डिझेल गाडी घेतली. सहा लाख रोख दिले, बारा लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं. हप्ता बसतो सुमारे २६ हजार ७००, वर्षाचे ३ लाख २० हजार. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर डिझेल वर्षाला एक लाख. विमा ४५ हजार धरू. सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती ३० हजार. एक टायर १८ हजारांचा धरला आणि चार टायर पन्नास हजार किलोमीटर चालले, तर वर्षाच्या वाट्याला १७ हजार येतात. बेरीज ५ लाख १२ हजार.

२०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल आहे. म्हणजे ही गाडी वर्षाला २१६ क्विंटल धान खाते. एकरी पंधरा क्विंटल उत्पन्न धरलं तर साडेचौदा एकरांचं अख्खं पीक, तेही रोवणी, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च वजा न करता. कर्ज नसलं तरी ८१ क्विंटल, म्हणजे साडेपाच एकरांच्या आसपास.

"लग्नाला भाड्याने देऊ, हप्ता निघेल" असं काही जण म्हणतात. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे. त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळा भार मालकाच्या सातबाऱ्यावर येतो. उलट ज्याला गाडी फक्त लग्नापुरती हवी, त्याने पिवळ्या नंबरप्लेटची गाडी दोन दिवस भाड्याने घेतली तर काही हजारांत काम भागतं.

ज्याचा धंदा आहे, महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणं आहे आणि हप्ता शेतीबाहेरच्या पैशातून निघतो, त्याने डिझेल गाडी जरूर घ्यावी. नियमाने नागपूरला जाणाऱ्यासाठी फास्टॅगचा वार्षिक पासही आहे, २०२५ मध्ये तो ३ हजार रुपयांत २०० फेऱ्यांचा होता. ज्याचं फिरणं पाचशे किलोमीटरच्या आत आहे, त्याने पेट्रोल, हायब्रिड किंवा लहान गाडी पाहावी. आणि ज्याचा हप्ता धानाच्या चुकाऱ्यावर अवलंबून आहे, त्याने चुकारा उशिरा आला तर तीन हप्ते कुठून भरायचे, हे आधी घरच्यांसोबत बसून ठरवावं. सध्याच्या गाडीचे किंवा मोटारसायकलचे किलोमीटर एक महिना वहीत लिहून पाहा. शोरूममध्ये जाताना ती वही सोबत न्या.